चौकटीबाहेरची तार : वाळवंटी उद्यानातल्या हौशी छायाचित्रणाविषयी

माझ्या बाहेरच्या खोलीत सहा वर्षे एक छायाचित्र टांगलेले होते. फिकट सोनेरी गवत, त्यात उभा माळढोकाचा नर, मान ताठ, डोक्यावरची काळी टोपी स्वच्छ दिसणारी, आणि मागे काहीही नाही. आमच्या शहरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात ते दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ परीक्षकांनी त्या ‘काहीही नाही’चेच कौतुक केले होते. “पक्षी आणि गवत. बाकी एक रेघ नाही,” असे ते म्हणाले आणि मी सुखावलो. गेल्या उन्हाळ्यात जुन्या हार्ड डिस्क आवरताना त्या छायाचित्राची मूळ फाइल उघडली, तर तिच्यात रेघ होती. एक नव्हे, तीन. उजव्या कोपऱ्यात विजेचा खांब आणि त्यावरून डावीकडे उतरत आलेल्या तीन तारा. मी त्या पुसल्या नव्हत्या. फक्त चौकट आवळून घेतली होती. आवळताना मनात काही आल्याचे मला आठवत नाही. तेच मला अधिक खटकले.

हा लेख त्या खटकण्यातून निघाला आहे. गेले वर्षभर मी राजस्थानच्या वाळवंटात काढलेली हौशी छायाचित्रे पुन्हा पाहत होतो. मित्रांच्या फायली, मंडळांच्या स्मरणिका, प्रदर्शनांच्या पुस्तिका, दिनदर्शिका. हा काही आकडेवारीचा अभ्यास नव्हे. एखाद्या काळातल्या कविता सलग वाचल्या की तिचे संकेत जसे दिसू लागतात, तसे या चित्रांचे झाले. वाळवंटातल्या अभयारण्यात जाणारा हौशी माणूस काय पाहतो, कशाला सुंदर म्हणतो, आणि तसे म्हणताना कशाकडे पाठ फिरवतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी जागेविषयी. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रदेशाला ‘राष्ट्रीय मरु उद्यान’ म्हणतात. क्षेत्रफळ ३१६२ चौरस किलोमीटर. त्यातले १९०० जैसलमेरात, १२६२ बाडमेरात. १९८० साली ते जाहीर झाले. नावात ‘राष्ट्रीय उद्यान’ असले तरी कायद्याच्या दृष्टीने हे अभयारण्यच आहे. हा निव्वळ कागदोपत्री बारकावा नाही. राष्ट्रीय उद्यानातून माणसांचे हक्क आणि चराई संपवावी लागते; इथे मात्र सत्तरहून अधिक गावे आहेत, त्यांच्या ढाण्या आहेत, शेळ्या, मेंढ्या, गाई, उंट, विहिरी, शाळा आणि रस्ते आहेत. वनखात्याने काही तुकड्यांना कुंपण घालून तिथे चराई बंद केली. सुदासरीचा तुकडा त्यांतला सर्वांत परिचित. माळढोक पाहायला येणारे बहुतेक जण तिथेच जातात. म्हणजे ज्या जागेला आपण ‘रान’ समजून कॅमेरा रोखतो, ती मुळात माणसे, जनावरे आणि पक्षी यांची वाटून घेतलेली जमीन आहे. ‘उद्यान’ हा शब्द आपल्याला ते विसरायला मदत करतो. फाटकावर पाटी असली, की आतले सगळे निसर्ग आणि बाहेरचे सगळे माणूस, अशी विभागणी मनात आपोआप होते.

या वाळवंटातून परतलेल्या जवळजवळ प्रत्येक हौशी छायाचित्रकाराच्या संगणकात तीन फोल्डर असतात. माझ्याही होते. पहिल्यात वाळूच्या टेकड्या, दुसऱ्यात पक्षी-प्राणी, तिसऱ्यात माणसे.

पहिला फोल्डर उघडला की सम गावाजवळच्या टेकड्या येतात. सूर्य कलता, वाऱ्याने उमटवलेल्या लाटा, एका बाजूला ऊन आणि एका बाजूला काळी सावली, कड्यावरून जाणारी उंटांची रांग. चित्र सुंदर असते, यात वाद नाही. तिरप्या उन्हात वाळूचा प्रत्येक चढ-उतार दिसतो आणि रचना जणू तयारच मिळते. पण या उद्यानाच्या निम्म्याहून कमी भागात अशा टेकड्या आहेत. बाकीचा प्रदेश खडकाळ, गोटाळ, कठीण मातीचा, आणि चांगला पाऊस झाला तर सेवण गवताचा. माळढोक राहतो तो या सपाट गवताळ भागात. चिंकारा, वाळवंटी खोकड, सांडा, हिवाळ्यात पाहुणा येणारा हुबारा, या सगळ्यांचे जगणेही त्याच सपाटीशी बांधलेले आहे. सपाटीचे छायाचित्र मात्र फारसे कुणी काढत नाही, कारण तिला रचना नाही. तिथे आडवी रेघ आणि तिच्यावर आकाश, एवढेच असते. महाराष्ट्रात माळाला ‘पडीक’ म्हणण्याची आपली जी जुनी सवय, तीच इथे कॅमेऱ्यातून बोलते. ज्या जमिनीचे चित्र होत नाही तिच्यावर नंतर काहीही उभे राहिले तरी, काही गेले असे कुणाला वाटत नाही.

तिसऱ्या फोल्डरमध्ये रंगीत फेटा बांधलेला म्हातारा, डोक्यावर घागर घेतलेली बाई, रावणहत्था वाजवणारा कलावंत. गंमत अशी की माणसाला इथे परवानगी आहे. पण तो देखणा असला पाहिजे आणि त्याने पक्ष्याच्या चौकटीत यायचे नाही. टेकडीच्या कडेवर तो छायारूप चालतो, कारण तिथे तो अलंकार आहे. गवताळ भागात शेळ्या हाकताना तो आला, तर आपण थांबतो आणि तो निघून जाण्याची वाट पाहतो. मी अशी वाट पाहिली आहे. एकदा तर गाइडकरवी एका गुराख्याला बाजूला व्हायला सांगितले होते. तो निमूट बाजूला झाला. त्याच्याच गावाच्या जमिनीवर मी त्याला चित्रातून बाहेर जायला सांगत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही.

आता दुसरा फोल्डर, खरा मानाचा. इथले सौंदर्यशास्त्र दोन शब्दांत सांगता येते : ‘क्लीन बॅकग्राउंड’. पक्षी टोकदार, मागचे सगळे विरघळलेले. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते, जमिनीलगत आडवे पडावे लागते आणि पुष्कळ संयम लागतो. या कौशल्याला मी कमी लेखत नाही. पण लेन्स नेमके काय करते तेही पाहावे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, की आडव्या दिशेने सुमारे साडेतीन अंशांचा भाग दिसतो. भोवतालचे क्षितिज ३६० अंशांचे. म्हणजे त्याचा जेमतेम शंभरावा भाग. दोनशे मीटरवरच्या पक्ष्याभोवती आपल्याला साधारण १२ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच एवढाच तुकडा मिळतो. माळढोकासारखा मीटरभर उंचीचा पक्षीही त्यात चौकटीच्या आठव्या हिश्शाएवढा दिसतो, म्हणून आपण नंतर आणखी कापतो. उरलेले ९९ भाग कुणी दाबून ठेवलेले नसतात. लेन्सच्या निवडीतच ते वगळले गेलेले असतात. त्यामुळे आपण काही लपवले, असे आपल्याला वाटतच नाही.

या आवडीला नियमांचाही पाठिंबा आहे. निवडक छायाचित्रांच्या स्पर्धात्मक प्रदर्शनांना, म्हणजे सलोनला, चित्रे पाठवणाऱ्या मंडळींना तो पाठ असतो. छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फियाप’, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका’ आणि ‘रॉयल फोटोग्राफिक सोसायटी’ या तीन संस्थांनी २०१४ साली ‘निसर्ग’ विभागाची एक समान व्याख्या मान्य केली आणि २०१५पासून ती लागू झाली. तिचा सारांश असा : निसर्गचित्रात मानवी घटक नसावेत, मूळ दृश्यात काही वाढवू किंवा पुसू नये, मात्र कडा कापायला हरकत नाही. प्राण्यांच्या अंगावरची शास्त्रीय कडी किंवा कॉलर चालते. म्हणजे संगणकावर तार पुसली तर ते लबाडी ठरते आणि चित्र बाद होते. कडा कापून तार बाहेर काढली तर ते कौशल्य ठरते आणि गुण मिळतात. माझे छायाचित्र या नियमाने शंभर टक्के प्रामाणिक होते. त्यात खोटे काही नव्हते. फक्त जे खरे होते त्यातले एक गाळलेले होते.

आणि गाळले तेच त्या पक्ष्याच्या मरणाचे मोठे कारण निघाले.

माळढोक आज जगात दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात. मादी एका खेपेस बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिकार, मोडलेले माळ, भटकी कुत्री ही कारणे जुनी आहेत. गेल्या काही दशकांत त्यांत विजेच्या तारांची भर पडली. जैसलमेरच्या वाऱ्यावर आणि उन्हावर वीज तयार होऊ लागली आणि ती वाहून नेणाऱ्या तारा माळ ओलांडू लागल्या. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाने मरु उद्यान आणि त्याभोवतालच्या सुमारे ४२०० चौरस किलोमीटरमध्ये दरवर्षी अंदाजे ८४,००० पक्षी तारांवर आदळून मरतात असा हिशेब मांडला. यात सगळ्या जातींचे पक्षी आले. ज्याची संख्याच दोन-तीन आकड्यांत उरली आहे, त्या माळढोकाला असा एकेक मृत्यूही परवडत नाही.

तो आदळतो का, याचे उत्तर छायाचित्रणाविषयी लिहिणाऱ्याला चटका लावणारे आहे. आफ्रिकेतला कोरी बस्टार्ड हा आपल्या माळढोकाचा जवळचा भाऊबंद; दोघे ‘आर्डिओटिस’ या एकाच प्रजातीतले. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० साली त्याच्या दृष्टिक्षेत्राची मोजणी प्रसिद्ध केली. या पक्ष्याला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, पण समोरचे क्षेत्र अरुंद असते. उडताना खालची जमीन पाहायला त्याने मान पंचविसेक अंशांनी खाली केली, की ज्या दिशेने तो चालला आहे तीच दिशा त्याला दिसेनाशी होते. भक्ष्य, जोडीदार, उतरायची जागा हे सगळे त्याला खाली शोधायचे असते. आकाशात आडवे काही असेल, याची तयारी त्याच्या डोळ्याच्या इतिहासात नाही. शिवाय देह जड, नर १५ किलोपर्यंतचा, त्यामुळे ऐनवेळी वळणे जमत नाही.

पक्ष्याला तार दिसत नाही ती त्याच्या डोळ्याच्या घडणीमुळे. आमच्या डोळ्याची घडण तशी नाही. आम्हाला ती दिसते, इतकी स्पष्ट दिसते की तिला टाळण्यासाठी आम्ही चार पावले डावीकडे सरकतो.

हा वाद न्यायालयापर्यंत गेला. एम. के. रणजितसिंह आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा, जिथे शक्य आहे तिथे, जमिनीखालून नेण्याचा आणि तोवर त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने त्यातली सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवरची सरसकट बंधने मागे घेतली. उच्च दाबाच्या तारा गाडण्यातल्या तांत्रिक अडचणी आणि हवामानबदलाशी लढण्यासाठी स्वच्छ विजेची गरज, अशी कारणे त्यामागे होती, आणि मार्ग सुचवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजूंना वजन आहे, हे या खटल्याचे वैशिष्ट्य. तार म्हणजे केवळ खलनायक नव्हे. ढाणीतल्या एका खोलीतला दिवा तिच्यावर चालतो. मी उतरलो होतो त्या निवासात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्रभर चार्ज होत होत्या, त्याही तिच्यावरच. म्हणूनच ती चित्रात हवी होती. इतक्या गुंतागुंतीच्या प्रश्नावर देशात चर्चा चालू असताना त्याची दृश्य बाजू, म्हणजे पक्षी आणि तार एकाच नजरेत येतात हे साधे वास्तव, आमच्या हजारो चित्रांत जवळजवळ नव्हते.

ही नजर आमची एकट्यांची नाही. वाळवंटी निसर्गदृश्याचे जे व्याकरण आपण पुस्तकांतून आणि कार्यशाळांतून शिकलो, ते बऱ्याच अंशी अमेरिकेच्या पश्चिमेकडून आले, आणि त्याचे आद्य गुरू अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यातल्या लोन पाइन गावाजवळून त्यांनी १९४४ साली काढलेले ‘विंटर सनराइझ’ जगप्रसिद्ध आहे : उजळलेली हिमशिखरे, खाली काळी टेकडी, पुढे चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या मुलांनी गावाची आद्याक्षरे पांढऱ्या रंगात रंगवली होती. अ‍ॅडम्स यांनी ती आपल्या चित्रातून काढून टाकली आणि तसे उघडपणे सांगितलेही. त्याच काळात ते जवळच्या मांझनार छावणीत छायाचित्रे काढत होते. महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना तिथे डांबून ठेवले होते. त्या माणसांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक केले आणि ते धाडसाचे होते. पण मांझनारहून काढलेल्या माउंट विल्यमसनच्या त्यांच्या गाजलेल्या चित्रात मोठाले धोंडे, डोंगर आणि उजेड आहे. छावणीचे नाव शीर्षकात आहे, छावणी चित्रात नाही. एवढ्या मोठ्या कलावंताचेही दोन फोल्डर होते, एक माणसांचा आणि एक पर्वतांचा.

याला उत्तरही तिथेच मिळाले. १९७५ साली रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचे प्रदर्शन भरले. त्यात रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि इतरांनी पश्चिमेची जमीन तिच्यावरच्या घरांसकट, रस्त्यांसकट, गोदामांसकट दाखवली. रिचर्ड मिस्राक यांनी १९७९पासून ‘डेझर्ट कँटोज’ ही मालिका सुरू केली. तिच्यात बाँबफेकीच्या सरावाने छिन्नभिन्न झालेले नेवाडातले वाळवंटही आहे. ती चित्रे कुरूप नाहीत. मिस्राक यांचा उजेड कुठल्याही दिनदर्शिकेला हेवा वाटावा असा आहे. म्हणजे सौंदर्य सोडावे लागते असे नाही. सौंदर्य हवे म्हणून जागेवरचे काही वगळलेच पाहिजे, ही समजूत तेवढी सोडावी लागते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कोरड्या मुलखाचे आपले सर्वांत टिकाऊ चित्र कॅमेऱ्याने नव्हे, गद्याने काढले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. माडगूळकर स्वतः चित्रकार होते, रानात रमणारे होते. माणदेशाचा माळ त्यांना निव्वळ दृश्य म्हणून रंगवता आला असता. त्यांनी माळ, मेंढरे, धनगर, शाळामास्तर आणि दुष्काळ हे एकाच चौकटीत ठेवले. त्यातला माळ धनगरांवाचून पाहताच येत नाही, आणि शेवटी माणसे निघून जातात तेव्हा उरलेल्या रिकामपणाला अर्थ येतो, कारण आधी ती तिथे होती. आमच्या छायाचित्रांतला रिकामा माळ पहिल्यापासूनच रिकामा असतो. तिथून कुणी गेले काय, मेले काय, चित्राला त्याची गंधवार्ता नसते.

शिवाय माळढोकाचे आपल्या घरचे प्रकरणही आहे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, ते ८४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते आणि रस्ते सगळेच आले. लोकांचे व्यवहार अडले, रोष वाढला आणि २०१२ साली ते १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. नान्नजला आज माळढोक दिसलाच तर एखादाच. आमच्या पिढीच्या मंडळींकडे नान्नजची जुनी छायाचित्रे आहेत. उत्तम आहेत. मी ती या लेखासाठी मागून घेतली आणि एका वेगळ्याच कारणाने पाहिली. पक्ष्यांच्या मागे तेव्हा ज्वारी किती होती, ऊस कुठवर आला होता, नवी विहीर, खांब, घर काही दिसते का, हे मला पाहायचे होते. जवळजवळ काही कळत नाही. मागचे सगळे सुंदर विरघळलेले आहे. एक पक्षी आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला, त्याच्याकडे कॅमेरे रोखलेले होते, आणि तो कशामुळे गेला याचा पुरावा त्या चित्रांत जवळपास नाही.

यावर मंडळातले मित्र दोन गोष्टी म्हणतात. पहिली, सुंदर छायाचित्र पाहूनच लोकांना पक्ष्याविषयी प्रेम वाटते आणि प्रेमातून संरक्षण येते. हे मी नाकारत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी माळढोक पाहिला नाही आणि पाहणारही नाहीत, अशांना तो माहीत झाला तो चित्रांमुळेच. पण ते चित्र त्याला काय सांगते? सोनेरी गवतात, निवांत, एकटा, सुखरूप. पाहणाऱ्याला वाटते, धोका कुठेतरी दूर आहे, बहुधा बंदूकवाला कोणी शिकारी आहे. त्याच्या घरातल्या दिव्याशी त्या पक्ष्याचा काही संबंध असेल, असे चित्रातले काहीही सुचवत नाही. प्रेम जागे होते, पण ते कुठे खर्च करायचे याचा पत्ता त्याला मिळत नाही.

दुसरी गोष्ट नीतीची. आम्ही अंतर राखतो, विणीच्या हंगामात जात नाही, घरट्याचे चित्र छापत नाही, गाडी वाटेवरून खाली उतरवत नाही, असे ते सांगतात. हे सगळे आवश्यकच आहे. जमिनीवरच्या एकुलत्या अंड्यावरून मादीला उठवणारा छायाचित्रकार हा छायाचित्रकार नव्हे. पण आमची सारी नीतिचर्चा कॅमेरा आणि पक्षी यांच्यातल्या अंतराभोवती फिरते. चौकटीत काय घेतले आणि काय टाकले, हा प्रश्न आम्ही ‘कलेचा’ म्हणून सोडून देतो. मला वाटते, तोही नीतीचाच प्रश्न आहे, आणि समीक्षेने तो विचारला पाहिजे.

आपल्याकडे ‘हौशे, नवशे, गवशे’ असे म्हणतात. वाळवंटात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांत आणखी एक प्रकार आहे. त्याला कुणी छायाचित्रकार म्हणत नाही, आणि तो स्वतःला तसे समजतही नाही. जैसलमेरच्या परिसरातले गुराखी, ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गायराने सांभाळणारे गावकरी, तिथले पर्यावरणप्रेमी तरुण तारांखाली पडलेल्या पक्ष्यांचे फोटो मोबाइलवर काढत आले आहेत. कधी गिधाड, कधी करकोचा, कधी माळढोक. ते फोटो वर्तमानपत्रांत येतात आणि चर्चेत पुरावा म्हणून फिरतात. चित्र म्हणून त्यांत सगळे चुकलेले असते. भर दुपारचे ऊन, फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली चौकटीत, क्षितिज वाकडे, पक्षी मधोमध. पण एका चौकटीत पंख, वाळू, खांबाचा पाया आणि वर तार असते. आमच्या मंडळात असा फोटो पहिल्या फेरीतच बाहेर पडला असता. मला आता तो आमच्या बहुतेक चित्रांपेक्षा चांगला वाटतो, आणि हे मी केवळ उपयुक्ततेच्या अर्थाने म्हणत नाही. वस्तूंचा एकमेकींशी संबंध दाखवणे हे रचनेचे मूळ काम असेल, तर ते काम त्या फोटोने केले आहे.

मग नियमाचे काय? मी ती सलोनची व्याख्या पुन्हा काळजीपूर्वक वाचली, तेव्हा तिच्यात एक अपवाद सापडला. तो तिथे होताच. आम्ही वापरला नव्हता. मानवी घटक निसर्गाच्या कथेचा अविभाज्य भाग असेल तर तो चालतो. माणसांच्या वास्तूंशी जुळवून घेतलेली घुबडे किंवा करकोचे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. म्हणजे कोठारात घरटे करणारे घुबड चालते, कारण तिथे माणसाची वस्तू पक्ष्याला जगवते. तर मग जी वस्तू त्याला मारते ती कथेचा अविभाज्य भाग नाही काय? नियमाला तार वर्ज्य नाही, ती आमच्या आवडीला वर्ज्य आहे. परीक्षकाने मनात आणले तर उद्यापासून ती आत येऊ शकते. या वर्षी आमच्या मंडळाच्या सभेत मी एवढीच सूचना मांडली : वाळवंटातले किंवा माळावरचे पक्षिचित्र स्पर्धेत देणाऱ्याने त्याच जागेचे, त्याच दिवशी काढलेले रुंद भिंगाचे एक चित्र सोबत जोडावे. गुण पहिल्यालाच द्यावेत, पण भिंतीवर दोन्ही लागावीत. सूचना पुढच्या सभेवर ढकलली गेली. “मग प्रदर्शन खांबांचेच होईल,” असे कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो, पण तो मुद्दा माझ्याच बाजूचा होता.

बाहेरच्या खोलीतले छायाचित्र मी उतरवले आहे. मूळ फाइल न कापता पुन्हा छापून घेतली. आता पक्षी डावीकडे सरकला आहे आणि बराच लहान दिसतो. डोक्यावरची काळी टोपी चष्मा लावल्याशिवाय कळत नाही. उजवीकडचा खांब जड वाटतो आणि तारांमुळे डोळा सारखा वर ओढला जातो. मंडळाच्या भाषेत रचना बिघडलेली आहे. घरी येणारे लोक पूर्वी “वा!” म्हणत आणि बसत. आता ते जवळ जाऊन पाहतात आणि विचारतात, ही तार कसली? मग मला सांगावे लागते, आणि चहा येईपर्यंत ते सांगून संपत नाही.